गळ्यातल्या बिल्ल्यावरचा क्यूआर कोड: नोंदणीच्या टेबलापासून जेवणाच्या रांगेपर्यंत

संमेलन असो, शिक्षकांचं अधिवेशन असो की महाविद्यालयातलं राष्ट्रीय चर्चासत्र, पहिल्या दिवशी सकाळी साडेनऊला नोंदणीच्या टेबलावर काय होतं हे आयोजकांना पाठ असतं. पाच जण एकाच वेळी आपलं नाव सांगतात आणि यादीची पानं उलटसुलट होतात. 'माझं नाव ऑनलाइन भरलंय' म्हणणाऱ्याचं नाव सापडत नाही, तोवर मागून कुणीतरी बॅग उचलून नेतो. दुपारी जेवणाच्या कूपनांवरून पुन्हा तेच. बिल्ल्यावर क्यूआर कोड छापला की यातला बराच ताप कमी होतो. पण कोड छापणं हे या कामातलं सर्वांत सोपं पाऊल आहे. अवघड भाग त्याच्या आधी आणि नंतर असतो, म्हणून हा लेख जरा लांबला आहे.

माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे. कोडमध्ये फक्त एक आकडा असावा; नाव, फोन, गाव, जेवण, निवास हे सगळं आपल्याजवळच्या यादीत राहावं. पुढची जवळपास प्रत्येक सूचना याच निर्णयातून निघते.

आधी ठरवा: स्कॅन कशासाठी?

कोड छापायचा ठरला की समितीतले सगळे उत्साहात येतात. प्रत्येक सत्राला हजेरी घेऊ, प्रत्येक दारावर माणूस बसवू, असं सुरू होतं. थांबा आणि कागदावर लिहा: स्कॅन केल्यावर आपण कोणता निर्णय घेणार आहोत? निर्णय नसेल तर स्कॅन नको.

आपल्याकडच्या कार्यक्रमांत चार निर्णय खरे असतात. माणूस आला का (आगमन), त्याला बॅग आणि कार्यक्रमपत्रिका मिळाली का, त्या वेळचं जेवण झालं का, आणि शेवटी उपस्थिती प्रमाणपत्र द्यायचं का. शिक्षक-प्राध्यापकांना कर्तव्य रजेसाठी हे प्रमाणपत्र लागतं, त्यामुळे तिथे हजेरीची नोंद चोख हवी. निवासाची व्यवस्था असेल तर पाचवा निर्णय खोलीच्या चावीचा. कवी संमेलनाला किंवा परिसंवादाला कोण बसलं होतं याची नोंद घेऊन कुणालाच काही मिळत नाही. उलट दारात रांग लागते आणि व्यासपीठावरचा वक्ता रिकाम्या खुर्च्यांकडे बघत राहतो.

यादी स्वच्छ करणं

हे कंटाळवाणं काम आहे आणि सगळ्यांत महत्त्वाचंही. नोंदणीचा फॉर्म गूगल फॉर्मवर करा, कागदावर आलेली नावं त्याच शीटमध्ये भरा आणि एका व्यक्तीला एकच ओळ ठेवा. त्याच मोबाइल नंबरावर दोन नोंदी दिसल्या तर फोन करून विचारा. कधी नवरा-बायकोने एकच नंबर दिलेला असतो, कधी एकाच माणसाने दोनदा फॉर्म भरलेला असतो.

जिल्हा लिहून घेऊ नका, यादीतून निवडायला लावा. २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव असं अधिकृत नामांतर झालं, पण लोक सवयीप्रमाणे जुनं, नवं, अर्धं, इंग्रजीत, कसंही लिहितात. एकाच जिल्ह्याच्या सहा तऱ्हा झाल्या की पुढे जिल्ह्यावार टेबलं लावता येत नाहीत. कार्यक्रम मराठवाड्यातला असेल तर तिथले आठ जिल्हे आणि 'मराठवाड्याबाहेर' असे नऊ पर्याय पुरतात.

नाव मात्र माणसाने लिहिलं तसंच छापा. प्रा., डॉ., ॲड., ह. भ. प. यांतलं काय लावायचं हे त्यालाच विचारा, फॉर्ममध्ये 'बिल्ल्यावर नाव कसं हवं' असा वेगळा रकाना ठेवा. जेवणाचाही एक रकाना असू द्या: नेहमीचं, उपवासाचं, जैन. कार्यक्रमात एकादशी येत असेल तर हा रकाना स्वयंपाकाचा अंदाजच बदलून टाकतो.

कोडमध्ये काय भरायचं

क्यूआर कोड १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीत मासाहिरो हारा यांच्या गटाने मोटारींच्या सुट्या भागांचा हिशेब ठेवण्यासाठी तयार केला. कंपनीने त्याच्या वापरावर पेटंटचा हक्क बजावला नाही, म्हणून आज कोड बनवायला कुणाला पैसे द्यावे लागत नाहीत. हे लक्षात ठेवा, कारण पैसे मागणाऱ्या साइट पुढे भेटतीलच.

कोडची जाळी लहानात लहान २१ बाय २१ घरांची असते. मजकूर वाढला की ती प्रत्येक बाजूने चार-चार घरांनी वाढत १७७ बाय १७७ पर्यंत जाते. घरं जितकी जास्त, तितकं त्याच जागेतलं प्रत्येक घर बारीक आणि वाचायला अवघड. शिवाय कोडमध्ये दुरुस्तीची सोय असते, तिचे चार स्तर आहेत: एल, एम, क्यू आणि एच. कोडचा साधारण ७, १५, २५ आणि ३० टक्के भाग खराब झाला तरी तो अनुक्रमे वाचता येतो.

आता हिशेब बघा. कोडमध्ये देवनागरी मजकूर टाकला की युनिकोडमधलं प्रत्येक चिन्ह सहसा तीन बाइट खातं. काना, वेलांटी, हलंत हे सगळे वेगळे मोजले जातात. 'छत्रपती संभाजीनगर' एवढाच मजकूर ४९ बाइटचा होतो आणि मधल्या, म्हणजे एम स्तरावर त्याला ३३ बाय ३३ ची जाळी लागते. त्यात नाव, हुद्दा, फोन, ईमेल घातलं की जाळी मुंग्यांनी भरल्यासारखी दिसते. याउलट नुसते आकडे असतील तर सर्वांत लहान, २१ घरांच्या जाळीत, सर्वांत भक्कम म्हणजे एच स्तर ठेवूनही १७ अंक बसतात. आपल्याला लागतात सहा. बिल्ल्याला घाम लागला, कोपरा दुमडला, लॅमिनेशनवर ओरखडा आला तरी असा कोड चालतो.

गोपनीयतेचा मुद्दाही इथेच सुटतो. संमेलनात लोक बिल्ला गळ्यात घालून फोटो काढतात आणि लगेच स्टेटसला ठेवतात. कोडमध्ये मोबाइल नंबर असेल तर तो फोटो मोठा करून कुणीही वाचू शकतो. महिला प्रतिनिधींना याचा त्रास होऊ शकतो हे आयोजकांनी गृहीत धरलं पाहिजे. नुसता आकडा बाहेरच्या माणसाच्या काहीच कामाचा नाही.

सहा अंकी आकडा एक, दोन, तीन असा ओळीने देऊ नका. शेजाऱ्याचा आकडा बघून पुढचा आकडा बनवणं फार सोपं होतं. एक्सेलमध्ये 'रँडबिटवीन' हे यादृच्छिक आकडे काढणारं सूत्र वापरून १००००० ते ९९९९९९ मधले आकडे काढा. यात तीन गोष्टी सांभाळायच्या:

- आकडे निघाल्यावर रकाना कॉपी करून 'फक्त मूल्यं' म्हणून पुन्हा पेस्ट करा. नाहीतर फाइलमध्ये काहीही टाइप केलं की सगळे आकडे बदलतात, आणि छापलेले बिल्ले निरुपयोगी होतात.
- दुबार आकडे तपासा. नऊ लाख आकड्यांतून आठशे काढले तर निदान एक आकडा दोनदा येण्याची शक्यता तीसएक टक्के असते. वाटतं त्यापेक्षा ती बरीच जास्त आहे.
- सुरुवात शून्याने नको. ००४१७२ हे एक्सेल ४१७२ करून टाकतं आणि मग जुळणी होत नाही.

आठशे प्रतिनिधी असतील तर अंदाजाने मारलेला आकडा बरोबर निघण्याची शक्यता अकराशेत एकाहून कमी राहते. जेवणाच्या रांगेसाठी एवढी सुरक्षितता भरपूर झाली.

कोड बनवणं

'मोफत क्यूआर' म्हणणाऱ्या कित्येक साइट तुमचा मजकूर थेट कोडमध्ये न भरता स्वतःच्या साइटचा दुवा भरतात. याला 'डायनॅमिक' कोड म्हणतात. महिन्याभराने वर्गणी मागतात, दिली नाही तर कोड बंद. कोड बनवून स्वतःच्या फोनने वाचून बघा. आपला सहा अंकी आकडाच दिसला पाहिजे. साइटचा पत्ता दिसला तर ते साधन सोडून द्या.

शेकडो कोड एकेक करून बनवायचे नसतात. छपाईवाला इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरवर काम करत असेल तर त्यातल्या डेटा मर्जमध्ये, म्हणजे यादीतली माहिती मांडणीत आपोआप भरण्याच्या सोयीत, रकान्याच्या नावाच्या सुरुवातीला हॅशचं चिन्ह लावलं की त्या रकान्याचे क्यूआर कोड आपोआप तयार होतात. झिंट नावाचं मोफत, मुक्त सॉफ्टवेअर यादीवरून एकगठ्ठा कोड काढून देतं. किंवा महाविद्यालयातल्या संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याला सांगा. पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेत हे काही ओळींचं काम आहे आणि त्याला ते मनापासून आवडतं. फाइल एसव्हीजी किंवा पीडीएफमध्ये घ्या. जेपीजी टाळा, आणि प्रेसला व्हॉट्सॲपवर पाठवताना फोटो म्हणून कधीच पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो दाबला जातो आणि कोडच्या कडा पुसट होतात.

डीटीपीच्या दुकानात आणखी एक सापळा असतो. तुमची यादी युनिकोडमध्ये, आणि दुकानातलं काम जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये. मग जोडाक्षरं फुटतात, पहिली वेलांटी भलतीकडे जाते. दहा नावांचा नमुना आधी काढून घ्या आणि त्या दहांत 'ज्ञानेश्वर', 'श्रीकृष्ण', 'ऋत्विक', 'अॅड.' आणि 'ॲड.' अशी अवघड नावं आणि रूपं मुद्दाम घाला.

बिल्ल्याची मांडणी आणि छपाई

बिल्ला मुळात माणसाने माणसाला ओळखावं म्हणून असतो. म्हणून नाव सर्वांत मोठं, त्याखाली गाव, मग कोड. प्रायोजकांची चिन्हं वर मोठी आणि नाव बारीक असे बिल्ले मी पुष्कळ पाहिले आहेत. समोरच्याचं नाव वाचायला छातीशी वाकावं लागतं, ते बरं दिसत नाही. गाव जरूर छापा. 'तुम्ही अंबाजोगाईचे का?' इथूनच निम्म्या ओळखी सुरू होतात.

आकार ए-६ घ्या, म्हणजे १०५ बाय १४८ मिलिमीटर. कोडचं प्रत्येक घर एक मिलिमीटरचं धरलं तर जाळी २१ मिलिमीटरची होते. भोवती चारही बाजूंना चार-चार घरांची कोरी जागा सोडावी लागते, ती धरून २९. म्हणजे तीन सेंटिमीटरचा पांढरा चौकोन कोडसाठी राखून ठेवा आणि त्या चौकोनात काहीही येऊ देऊ नका, नक्षी नाही की रेघही नाही. डिझाइन करणारा हमखास ही कोरी जागा खातो. साधारण अंदाज असा की कोडच्या रुंदीच्या दहापट अंतरावरून तो वाचता येतो. आपला कोड वीस सेंटिमीटरवरून, म्हणजे माणसाच्या अंगाशी न जाता वाचला जाईल.

रंग काळा, पार्श्वभूमी पांढरी. भगव्यावर पिवळा किंवा गडद निळ्यावर पांढरा कोड छापू नका. मधोमध संस्थेचं चिन्ह घालायचा मोहही आवरा, दुरुस्तीची सोय आपण घामासाठी आणि ओरखड्यांसाठी राखली आहे. कोडखाली तोच सहा अंकी आकडा ठळक छापा, म्हणजे स्कॅनर रुसला तरी हाताने टाइप करता येतो. शेजारी एक ओळ द्या: 'हा कोड पैसे भरण्यासाठी नाही.' आपल्याकडे चहाच्या टपरीपासून भाजीच्या गाड्यापर्यंत क्यूआर म्हणजे पैसे, ही सवय पक्की झाली आहे आणि लोक बिल्लाही यूपीआय ॲपने स्कॅन करून बघतात. त्याच कारणाने नोंदणी शुल्काचा यूपीआय कोड बिल्ल्याच्या आसपासही नको, तो टेबलावर वेगळा ठेवा.

दोरीला एकच हूक असेल तर बिल्ला सतत फिरतो आणि दर दुसऱ्या माणसाच्या बिल्ल्याची कोरी पाठ समोर येते. दोन हुकांची दोरी घ्या किंवा दोन्ही बाजूंना सारखंच छापा. दोन्ही बाजूंच्या छपाईत एक गोची आहे: एका ए-४ कागदावर चार बिल्ले बसवून पाठपोट छापलं की डावीकडच्या बिल्ल्याच्या मागे उजवीकडच्याची बाजू येते, आणि पुढे एक माणूस, मागे दुसरा अशी गल्लत होते. सोपा उपाय म्हणजे ए-५ कागद मधोमध दुमडणं. दोन्ही अर्ध्यांवर तेच नाव, तोच कोड, छपाई एकाच बाजूला. आठशे बिल्ल्यांना दोनशेऐवजी चारशे ए-४ कागद लागतील, पण चूक व्हायला जागाच उरत नाही.

कागद निवडताना आपलं हवामान आठवा. परभणीला वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात १८ मेच्या वर्धापनदिनी खरिपाचा मेळावा असतो आणि १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्रामदिनी, रब्बीचा. उदगीरला ९५वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं ते २०२२ च्या एप्रिलमध्ये. म्हणजे बिल्ल्याला चाळिशीपारचं ऊनही सोसायचं आहे आणि परतीच्या पावसाची सरही. इंकजेटची शाई पाण्याने पसरते, लेझरची टिकते. पावतीसारखा थर्मल कागद तापलेल्या गाडीत राहिला तर काळवंडतो. जागेवर छापायच्या काही बिल्ल्यांपुरता तो ठीक, सगळ्यांसाठी नको. लॅमिनेशन किंवा पाकीट चकचकीत नको, मॅट हवं, कारण उन्हाची तिरीप चकचकीत प्लॅस्टिकवर पडली की स्कॅनरला काही दिसत नाही. दोरीसाठी पंच मारायची जागा कोडपासून लांब आहे ना, हेही बघा.

गठ्ठे प्रेसमधून आले की प्रत्येक पन्नासावा बिल्ला काढून स्कॅन करा आणि यादीशी नाव ताडून बघा. मर्ज करताना एक ओळ सरकली तर तिथून पुढचे सगळे बिल्ले चुकतात, आणि हे फक्त असंच पकडलं जातं.

वाचायचं कशाने?

मोबाइलनेही होतं, पण दोन तास सलग उन्हात फोन तापतो, मध्येच कॉल येतो आणि बॅटरी उतरते. नोंदणी आणि जेवण या दोन ठिकाणी स्कॅनर गन घ्या. ती लॅपटॉपला यूएसबीने जोडली की लॅपटॉपला ती कीबोर्डच वाटते. कोड वाचते, आकडा टाइप करते, एंटर दाबते. इंटरनेट लागत नाही, खास सॉफ्टवेअर लागत नाही. एका मंडपात हजारभर फोन जमले की नेटवर्क रेंगाळतं, तेव्हा या साधेपणाची किंमत कळते. सगळं ऑनलाइन ॲपवर सोपवलेला कार्यक्रम नेट गेलं की जागीच थांबतो.

मेडिकलवाल्या मित्राकडून गन उसनी आणणार असाल तर आधी तपासा. लाल रंगाची एकच रेघ टाकणाऱ्या जुन्या लेझर गनला फक्त उभ्या रेघांचा बारकोड वाचता येतो, क्यूआर नाही. तशाच गन मिळत असतील तर बिल्ल्यावर क्यूआरऐवजी 'कोड १२८' प्रकारचा बारकोड छापा. सहा आकड्यांसाठी तो उत्तम चालतो. बाकी पद्धत हीच.

एक्सेलची मांडणी अशी. पहिल्या शीटवर यादी: आकडा, नाव, जिल्हा, जेवण. दुसऱ्या शीटवर पहिला रकाना रिकामा, स्कॅनसाठी. शेजारच्या रकान्यात 'व्हीलुकअप', म्हणजे आकडा आला की नाव आणि जेवणाचा प्रकार दिसेल. त्यापुढे 'काउंटइफ', त्यात सुरुवातीची ओळ डॉलरचं चिन्ह लावून पक्की करा, म्हणजे हा आकडा वरपासून इथपर्यंत कितव्यांदा आला ते कळेल. दोन किंवा जास्त आलं की ओळ लाल व्हावी असं कंडिशनल फॉरमॅटिंग लावा. नावाच्या जागी चूक दिसली तर तीही लाल. मग स्कॅनचा रकाना सोडून बाकी सगळी शीट लॉक करा, कारण कुणाचा तरी हात माउसला लागतोच आणि मग आकडे भलत्याच खणात पडायला लागतात. प्रत्येक जेवणाला वेगळी शीट: 'पहिला दिवस दुपार', 'पहिला दिवस रात्र'.

दोन गोष्टी हमखास अडवतात. यादीतले आकडे 'मजकूर' म्हणून आणि स्कॅनचे 'संख्या' म्हणून साठले तर डोळ्याला सारखे दिसूनही ते जुळत नाहीत; दोन्ही रकाने एकाच प्रकारचे करा. दुसरी अडचण आपली खास आहे. लॅपटॉपचा कीबोर्ड मराठीवर राहिला असेल तर इनस्क्रिप्टसारख्या लेआउटवर गन भलतीच देवनागरी चिन्हं उमटवू शकते. एका परिषदेत स्वागताचा फलक टाइप करून कुणीतरी उठलं आणि कीबोर्ड तसाच राहिला. समोर रांग, आणि टेबलावरची मुलगी गन बदलून बघते, केबल काढून घालते, बिल्ला पुसून बघते. शेवटी स्क्रीनच्या कोपऱ्यातली भाषा इंग्रजी केली आणि सगळं सुरळीत झालं. स्कॅनिंगच्या लॅपटॉपवरून मराठी कीबोर्ड त्या दोन दिवसांपुरता काढूनच टाका.

टेबलं किती आणि कशी

एका माणसाला नमस्कार, स्कॅन, बॅग, 'जेवण कुठे आहे' याचं उत्तर, असे वीस सेकंद धरा. एक टेबल तासाला १८० माणसं काढतं. आठशे जण नऊ ते दहा या तासात येणार असतील तर चार टेबलंही अपुरी पडतात, पाच लावा. स्वयंसेवक कमी असतील तर बॅग वाटायचं टेबल पुढे वेगळं काढा, वीसचे बारा सेकंद होतात.

लॅपटॉप एकमेकांशी जोडलेले नसतील तर एकाने काय स्कॅन केलं हे दुसऱ्याला कळत नाही. म्हणून टेबलं जिल्ह्यांवार वाटा, प्रत्येक टेबलाला एक रंग ठरवा आणि बिल्ल्याच्या वरच्या पट्टीला तोच रंग द्या: संभाजीनगर-जालना, बीड-धाराशिव, लातूर-नांदेड, परभणी-हिंगोली, आणि पाचवं बाहेरच्यांचं. जेवणाच्या रांगाही त्याच रंगांनी लावा. जिल्ह्यांची गर्दी सारखी नसते. कार्यक्रम लातूरला असेल तर लातूरकरांना स्वतंत्र टेबल लागेल, ते यादी बघून ठरवा.

ऐनवेळी येणारे असणारच. त्यांच्यासाठी शंभरेक बिल्ले आधीच छापून ठेवा: कोड आणि आकडा आहे, नावाची जागा कोरी. माणूस आला की जाड मार्करने नाव लिहा आणि यादीत त्या आकड्यासमोर नाव भरा. प्रिंटर, शाई, वीज कशाचीच वाट बघावी लागत नाही. बिल्ला हरवला किंवा घरी विसरला तरी हाच गठ्ठा कामी येतो. मोबाइलच्या शेवटच्या चार अंकांवरून नोंद शोधा, नवा आकडा द्या आणि जुना यादीतून रद्द करा.

आदल्या संध्याकाळी रंगीत तालीम घ्या, प्रत्यक्ष त्या जागेवर, त्या टेबलावर. सकाळचं ऊन कुठून येतं ते बघा आणि टेबल असं फिरवा की बिल्ल्यावर सावली राहील. राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलामुलींना गन हातात देऊन पंधरा मिनिटं सराव करू द्या, ती पटकन शिकतात. लॅपटॉप चार्ज असावेत, इन्व्हर्टरची लाइन टेबलापर्यंत यावी. आणि यादीच्या दोन छापील प्रती, एक आडनावाच्या अकारविल्ह्याने, एक आकड्यांच्या क्रमाने, प्रत्येक टेबलावर. वीज, गन, लॅपटॉप सगळं गेलं तरी पेनाने खूण करून काम चालू राहतं.

जेवणाच्या रांगेतला नियम

स्वयंसेवकांना हे स्पष्ट शब्दांत सांगा: ओळ लाल झाली तरी कुणाला ताटावाचून परत पाठवायचं नाही. आकडा कागदावर लिहून घ्यायचा, 'या, बसा' म्हणायचं आणि शंका असेल तर नंतर संयोजकांनी बघायचं. लाल होण्याची कारणं बहुतेक वेळा साधी असतात, एकच बिल्ला गनने दोनदा वाचला, नवा बिल्ला दिला पण यादीत भरायचा राहिला. सत्तरीच्या लेखकाला किंवा दूरच्या तांड्यावरून आलेल्या शेतकऱ्याला चार लोकांत 'तुमचं जेवण झालेलं दिसतंय' असं ऐकवणं ही आयोजकांची नामुष्की आहे. चार ताटं जास्त गेली तर जाऊ द्या. स्कॅनचा खरा उपयोग वेगळाच आहे: साडेबाराला तुम्ही आचाऱ्याला सांगू शकता की सकाळपासून ६४० जण आलेत, पैकी उपवासाचे ३५. अन्न वाया जाणं तिथे थांबतं.

स्टॉलवाल्यांना कोड वाचू द्यायचा का?

कृषी प्रदर्शनात बियाणं, ठिबक, अवजारं यांचे स्टॉलवाले विचारतात, आम्हालाही स्कॅन करू द्या, नंतर शेतकऱ्यांना फोन करू. कोडमध्ये नुसता आकडा असल्याने त्यांच्या हाती आपोआप काही लागत नाही, आणि हे चांगलंच आहे. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा, २०२३ नुसार माहिती कशासाठी घेतो हे सांगून मोकळी, स्पष्ट संमती घ्यावी लागते. नोंदणीच्या फॉर्ममध्ये वेगळा चौकोन ठेवा: 'मी ज्या स्टॉलवर बिल्ला स्कॅन करू देईन, त्यांना माझा फोन नंबर द्यावा.' चौकोन आधीच टिक केलेला नको. कार्यक्रम संपल्यावर स्टॉलवाल्याने स्कॅन केलेल्या आकड्यांची यादी तुम्हाला द्यावी, आणि ज्यांनी होकार दिला आहे त्यांचेच नंबर तुम्ही परत द्यावेत. ज्यांना आपसात नंबर द्यायचे आहेत ते देतीलच, त्याला कोड लागत नाही.

संपल्यानंतर

दर जेवणानंतर फाइलची प्रत पेनड्राइव्हवर घ्या, शेवटच्या दिवसापर्यंत थांबू नका. प्रमाणपत्रं आगमनाच्या आणि दोन्ही दिवसांच्या नोंदींवरून काढा, पण एखाद्याची नोंद राहिली असेल आणि सत्राध्यक्ष सांगत असतील की तो हजर होता, तर त्यांचं ऐका. पुढच्या वर्षासाठी फक्त बेरजा जपून ठेवा: किती जणांनी नाव दिलं, प्रत्यक्ष किती आले, कोणत्या जिल्ह्यातून किती, पहिल्या दुपारी किती जेवले आणि शेवटच्या दुपारी किती.

नावं आणि फोन नंबर असलेली मूळ फाइल हिशेब आणि प्रमाणपत्रांचं काम आटोपलं की पुसायची. टेबलांवरचे लॅपटॉप बहुधा कुणाकुणाचे स्वतःचे असतात, त्यांतून फाइल काढून टाका. पेनड्राइव्ह, गूगल शीटचे वाटलेले दुवे, समितीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेली यादी, प्रेसला पाठवलेली प्रत, सगळीकडून. टेबलावरच्या छापील याद्या रद्दीत घालू नका, फाडून टाका. हे काम कुणाचं ते पहिल्याच बैठकीत नावानिशी ठरवून ठेवा, कारण मंडप उतरला की समितीतलं कुणी हाताला लागत नाही.